डब्यातलं स्टेशन उभं करताना

गोंदाची बाटली उघडेपर्यंत निम्मं काम झालेलं असावं, हे मला कळायला तीन इमारती खर्ची पडल्या. मॉडेल रेल्वेच्या देखाव्यात ठेवायची, डब्यातून मिळणाऱ्या सुट्या प्लास्टिक भागांची (म्हणजे किटची) तुमची पहिलीच इमारत नीट उभी राहावी म्हणून हे लिहिते आहे.

मी एकतीस वर्षं पुण्यात नकाशे काढले, आधी ड्रॉइंग बोर्डवर आणि मग संगणकावर. लेक लहान असताना तिला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात न्यायचे. ते १९९८ सालचं. ती गाड्यांमागे फिरायची आणि मी इमारतींपाशी थांबायचे. आता ती स्टुटगार्टला असते. एका दिवाळीला येताना तिने सामानातून एक चपटा डबा आणला, त्यात फालर कंपनीचं लहान गावातलं स्टेशन होतं. ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटेनबाख गावात हेर्मान आणि एडविन या फालर बंधूंनी १९४६ साली हा उद्योग सुरू केला. तिथून सुरुवात झाली ती अजून थांबलेली नाही.

किट घेताना डब्यावरच्या चित्राला भुलू नका, माप बघा. एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक माप, म्हणजे १:८७. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस त्यात २० मिलिमीटरचा होतो. इंग्लंडची किटं बहुधा डबल-ओ, म्हणजे १:७६ मापाची असतात. तिथे तोच माणूस २३ मिलिमीटरचा भरतो. गंमत अशी की दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, मात्र दोन्हीकडे १६.५ मिलिमीटरच, त्यामुळे दुकानात गल्लत होते. दोन्ही मापांच्या इमारती आल्याच असतील तर इंग्लिश इमारत पुढे ठेवा आणि जर्मन मागे. मागची लहान दिसल्याने देखाव्याला खोलीच येते. शेजारी शेजारी मात्र ठेवू नका. एक माणूस दारात उभा करून बघा. दार त्याच्या डोक्याच्या वर चार मिलिमीटर तरी असावं. काही जुन्या किटांत इमारत टेबलावर मावावी म्हणून मुद्दाम आखूड केलेली असते, ते या एका परीक्षेत लगेच कळतं.

आपल्याकडचं स्टेशन का नाही, असं मला विचारतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एचओत तो १९ मिलिमीटरच्या वर जातो, आणि बाजारात मिळणारे रूळ १६.५ चे, म्हणजे युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजचे. त्या रुळांवर जर्मन गाव मापात बसतं. मला मापात बसलेलंच आवडतं.

डबा उघडला की भाग सुटे करू नका. ज्या सांगाड्याला ते जोडलेले असतात त्याला स्प्रू म्हणतात, आणि भागाचा नंबर त्याच सांगाड्यावर असतो. एकदा भाग सुटले की कुठली खिडकी पुढची आणि कुठली मागची हे शोधण्यात संध्याकाळ जाते. अख्खे स्प्रू कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर त्यांच्यावर राहिलेला असू शकतो आणि मग रंग धरत नाही. रात्रभर वाळू द्या.

आता रंग, आणि यात घाई अजिबात नको. किटचं प्लास्टिक आधीच विटकरी किंवा क्रीम रंगाचं असतं, म्हणून रंगवायची गरज नाही असं वाटतं. पण प्लास्टिकची चकाकी मारली नाही तर इमारत कितीही सरळ जोडा, ती खेळणंच दिसते. मॅट ॲक्रिलिक घ्या. विटांसाठी मी कावेच्या रंगात थोडा तपकिरी मिसळते आणि दोन पातळ हात देते. पूर्ण वाळल्यावर बारीक ब्रशने इकडेतिकडे वीसेक विटा गडद करते. सलग दोन विटा मात्र गडद करत नाही. मग दरजा, म्हणजे विटांमधले सांधे. पांढऱ्यात थोडा मातकट रंग, सहापट पाणी आणि लिक्विडचा एक थेंब असं पाणी भिंतीवर सोडायचं. ते आपोआप विटांमधल्या खाचांत उतरतं. मिनिटभराने जुन्या सुती साडीचा तुकडा बोटाला गुंडाळून भिंत आडवी पुसायची, उभी नाही. विटांचा रंग वर येतो आणि दरजा भरलेल्या राहतात. एका वेळी एकच भिंत घ्या, कारण ॲक्रिलिक वाळलं की निघत नाही.

पुण्यात आणि विशेषतः कोकणात राहणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. जून ते सप्टेंबर स्प्रेच्या डब्याला हात लावू नका. हवेत दमटपणा असताना मॅट वार्निश फवारलं की त्यावर पांढरं धुकं धरतं. माझं एक छप्पर तसंच गेलं, सिग्नल केबिनचं. पावसाळ्यात ब्रशने रंगवावं, कापावं, घासावं. फवारणी दसऱ्यानंतर.

छपराबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे मला माझं आजोळ भेटलं. या जर्मन स्टेशनाची कौलं एकमेकांत अडकणारी, खाचेची आहेत. अशी कौलं १८४१ साली फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी शोधली. मंगळूरला बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि आपल्याकडे घराघरावर चढलं ते मंगलोरी कौल त्याच कुळातलं. तेव्हा छप्पर रंगवताना फोटो शोधत बसू नका. कोकणातल्या कुठल्याही शाळेचं छप्पर आठवा. सगळी कौलं एका रंगाची नसतात. बदललेली कौलं केशरी असतात आणि जुनी काळपट. सर्वांत जास्त काळवंडतं ते पन्हळीलगतच्या खालच्या दोन ओळींत, जिथे पाणी रेंगाळतं. मी छपराला आधी गडद तपकिरी देते, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून खाली विटकरी ओढते. फक्त उंचवटे रंग धरतात.

यानंतर कापायचं. भाग हाताने पिळून तोडलात तर कडेचा टवका निघतो. निपरने, म्हणजे लहान कापणीच्या पकडीने, भागापासून मिलिमीटरभर लांब कापा, उरलेला खुंट धारदार पात्याने तासा आणि कानशीने किंवा चारशे नंबरच्या पॉलिशपेपरने सपाट करा. मग गोंद न लावता अख्खी इमारत चिकटपट्टीने उभी करून बघा. मी हे दोनदा करते. कुठली भिंत आधी, मधली फरशी कधी सरकवायची, छप्पर बसतं का, सगळं याच वेळी कळतं. किटच्या सूचनापत्रकातला क्रम बहुतेक बरोबर असतो, पण खिडक्यांची काच आधी बसवायची की भिंती जोडल्यावर, हे हात आत जातो का ते बघून ठरवा.

गोंद पॉलिस्टायरीनसाठीचा पातळ प्लास्टिक सिमेंट घ्या, बारीक धातूच्या नळीचा. तो प्लास्टिक किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. म्हणूनच जिथे जोडायचं तिथला रंग खरवडून काढावा लागतो. रंगावर लावलेला सांधा रंगासकट सुटतो. कोपरे जुळवून धरा आणि आतल्या बाजूने सांध्यावर एक थेंब टेकवा. तो फटीतून आपणच धावत जातो. खिडकी उघडी ठेवून काम करा, वास डोक्यात भिनतो. नळी तुंबली तर गिटारची सर्वांत बारीक तार आत घालावी.

भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसल्या पाहिजेत, इथे मी हट्टी आहे. पहिला कोपरा एक अंशाने चुकला तर चौथ्या कोपऱ्यात फट पडते आणि छपराचं आढं वाकडं होतं. काचवाल्याकडून पाच मिलिमीटर जाडीचा फूटभर तुकडा कडा घासून आणा. ती तुमची सपाट जमीन. त्यावर आधी दोन भिंतींचा एक इंग्रजी एल करा, सुताराच्या लहान गुण्याला टेकवून. मग दुसरा. दोन्ही तासभर सुकू द्या, मग एकमेकांना जोडा आणि भोवती रबरबँड घाला.

खिडक्यांना प्लास्टिक सिमेंट नको आणि झटपट चिकटणारा गोंद तर नकोच. त्याच्या वाफेने पारदर्शक तावदानावर कायमचा पांढरा पडदा येतो. टाचणीच्या टोकाने साधं फेव्हिकॉल लावा. ते वाळल्यावर दिसत नाही, आणि चुकलं तर काच काढता येते.

दिवा लावणार असाल तर भिंती जोडण्याआधीच त्यांची आतली बाजू काळ्या रंगाने रंगवा. नाहीतर उजेड भिंतीतूनच पाझरतो आणि घर कंदिलासारखं पेटतं. तीन मिलिमीटरचा वॉर्म व्हाइट एलईडी, १२ व्होल्ट डीसी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर, एवढं पुरतं. करंट ९ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, म्हणजे डोळ्यांत न खुपणारा उजेड. काळ्या कार्डशीटची खोकी करून खोल्या वेगळ्या करा आणि सगळ्या खिडक्या उजळू नका. माझे वडील लहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर होते, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. रात्री उजेड दोनच ठिकाणी असायचा, त्यांच्या टेबलावर आणि आईच्या स्वयंपाकघरात. माझ्या जर्मन स्टेशनातही दोनच दिवे आहेत. छप्पर चिकटवू नका, नुसतं बसवा. दिवा बिघडला की हात घालता आला पाहिजे.

फलाट पक्का करण्याआधी तुमच्याकडच्या गाडीच्या सर्वांत लांब डब्याला दोन्ही टोकांशी आणि मध्यभागी बाहेरच्या अंगाला पेन्सिल बांधून तो रुळावरून हाताने ढकला. वळणावर डब्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर जातात. पेन्सिलच्या रेघेच्या दोन मिलिमीटर पलीकडे फलाटाची कड ठेवा.

शेवटी जमीन. इमारतीचं जोतं आणि पाट, म्हणजे देखाव्याखालची फळी, यांच्यात केसाएवढीही फट दिसली तर ती इमारत आणून ठेवल्यासारखी दिसते. अंगणातली माती लोखंडी तव्यावर भाजून कोरडी करा आणि चहाच्या गाळणीतून चाळा. जोत्याला पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून इमारत जागेवर ठेवा, भोवती ब्रशने माती सारा, तिच्यावर लिक्विडचा थेंब टाकलेलं पाणी शिंपडा. मग एक भाग फेव्हिकॉलला तीन भाग पाणी घेऊन ड्रॉपरने सोडा. रात्रभर थांबा. सकाळी इमारत उचला, पिशवी काढा आणि इमारत परत त्याच खळग्यात बसवा. जोत्यावर वीतभर उंचीपर्यंत, म्हणजे या मापात जेमतेम तीन मिलिमीटर, सॉफ्ट पेस्टलची हिरवट तपकिरी पूड चोळा. उत्तरेच्या भिंतीला थोडी जास्त.