वस्तऱ्यानं घरी दाढी: कशी करावी, आणि कोणी त्या भानगडीत पडू नये

वस्तऱ्यानं दाढी करणं काही आठवड्यांत जमतं. त्याची धार सांभाळायला शिकण्यात मात्र बरेच महिने जातात, आणि हौसेनं मागवलेले बहुतेक वस्तरे याच टप्प्यावर कपाटात जाऊन पडतात. म्हणून गालाला वस्तरा लावण्याआधी खरेदी आणि पट्टा (ज्यावर पातं फिरवून धार सरळ करतात तो) यांबद्दल नीट बोलावं लागेल. ज्यांना सकाळी ऑफिसची लोकल गाठायची असते त्यांनी सरळ सेफ्टी रेझर घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही. विचारणाऱ्या बहुतेकांना मी तोच सल्ला देतो.

कोन कोणी राखायचा?

पातं गालावर किती तिरकं टेकतं यावर दाढीचं निम्मं यश ठरतं. कार्ट्रिजच्या, म्हणजे पात्यांसकट अख्खं डोकं बदलायच्या रेझरमध्ये हा कोन कारखान्यातच पक्का झालेला असतो. डोकं गालावर टेकवायचं आणि ओढायचं, बस. दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरमध्ये थोडं काम रेझरचं डोकं करतं, थोडं तुमचं मनगट. वस्तऱ्यात कोन, दाब, कातडी ताणणं आणि धार लावणं, सगळंच तुमच्याकडे येतं.

यातल्या धार लावण्याच्या कटकटीवर किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी माणसानं आपला धंदा उभा केला. सेफ्टी रेझर त्याच्या आधीही होते. अमेरिकेत काम्फे बंधूंनी १८८०मध्ये एकाचं पेटंट घेतलं होतं, पण त्याचं पातं वेळोवेळी धार लावून पुन्हा वापरावं लागे. जिलेटनं पातळ पत्र्याचं, वापरून टाकून द्यायचं ब्लेड आणलं. १९०३ साली त्याचे फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याला पेटंट मिळालं, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात त्याचा रेझर गेला तेव्हापासून वस्तरा घराघरांतून हटला तो हटलाच.

पुढे पात्यांची संख्या वाढत गेली. १९७१मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, १९९८मध्ये तीन, २००६मध्ये पाच. पहिलं पातं केस किंचित ओढून धरतं आणि तो मागे सरकण्याआधी मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं, अशी ही रचना. दाढी गुळगुळीत होते हे खरं. पण ज्यांचे केस राठ आणि कुरळे असतात त्यांचा कापलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो, आतच वळतो आणि गळ्यावर लाल पुटकुळ्या उठतात. अशा माणसानं एका पात्याकडे वळावं, मग ते सेफ्टी रेझरमधलं असो की वस्तऱ्याचं. शिवाय जास्त पाती म्हणजे त्यांच्या फटींत अडकणारे जास्त केस. वाहत्या नळाखाली ते निघून जातात, मगातल्या पाण्यात निघत नाहीत. भारतात कितीतरी लोक मगभर पाण्यात दाढी उरकतात. २०१०मध्ये जिलेटनं खास इथल्यासाठी ‘गार्ड’ हा स्वस्त रेझर काढला तो एकाच पात्याचा, त्यामागे हेही एक कारण होतं.

आता सलूनबद्दल. तिथे आपल्या गालावर फिरतो तो बहुतेक वेळा जुन्या अर्थाचा वस्तरा नसतो. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग आत सरकवलेला, पातं बदलायचा वस्तरा असतो. एड्सची भीती पसरली तेव्हापासून ‘नवीन ब्लेड घाला’ हे गिऱ्हाईक स्वतःहून सांगायला लागलं, आणि ते योग्यच आहे. घरी शिकण्यासाठी पुष्कळजण हाच स्वस्तातला वस्तरा आणतात. माझ्या मते ही उलटी सुरुवात आहे. तो वजनानं हलका असतो, त्यामुळे हात नकळत दाब देतो. आणि ब्लेडची धार पट्ट्यावर फिरवलेल्या पात्यापेक्षा जास्त बोचरी असते. चूक झाली की लगेच रक्त.

तोंडावर मुरमं असतील, हात थरथरत असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा जखमेची गाठ होऊन राहण्याचा त्रास असेल, तर वस्तरा घेऊच नका. बाकीच्यांनी आधी काही महिने सेफ्टी रेझर वापरावा. फेस कसा काढायचा आणि आपले केस कुठे कोणत्या दिशेला वाढतात हे त्यात कळून जातं.

खरेदी

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या हिश्श्यांत मोजतात. नवशिक्यासाठी पाच अष्टमांश इंच ठीक: नाकाखाली अडचण होत नाही आणि साबण साचायला जागाही राहते. टोक गोल हवं. चौकोनी टोक कल्ल्यांची रेघ मारायला छान, पण कानाच्या पाळीलाही तितकंच छान लागतं. जर्मनीतलं झोलिंगेन आणि फ्रान्समधलं तिएर ही आज वस्तऱ्यांसाठी नावाजलेली गावं. जुन्या बाजारात इंग्लंडमधल्या शेफील्डचे वस्तरेही मिळतात आणि ते उत्तम असू शकतात. जुना घेताना तीन गोष्टी बघा: धारेवर तडा नको, धारेजवळ गंजाचे खड्डे नकोत, आणि पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्धची जाड कड, एका बाजूनं जास्त झिजलेली नको. पाठीवर गंजाचे डाग असले तर चालतील.

ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणारे, नक्षीदार मुठीचे ‘अस्सल वस्तरे’ घेऊ नका. त्यांचं पोलाद धार धरत नाही. तुम्ही दोष स्वतःच्या हाताला देत बसाल. घेताना विक्रेत्याला विचारा की दाढीसाठी धार लावून मिळेल का. कारखान्यातून आलेला वस्तरा नेहमीच दाढीला तयार असतो असं नाही.

पट्टा

माणसाचा केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरी धार जाते कशी? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२०मध्ये साध्या रेझरची पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हे पाहिलं. पातं केवळ घासून गोल होत नाही. केस वाकला, पात्याला तिरका लागला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण असमान असली, तर धारेचा बारीकसा टवका उडतो. पट्टा असे टवके भरून काढू शकत नाही, पण वळलेली, विस्कटलेली धार तो पुन्हा सरळ करतो. म्हणून प्रत्येक दाढीआधी पट्टा हवाच.

पट्टा चामड्याचा, अडीच-तीन इंच रुंद, मागे कापडाची बाजू असलेला घ्या आणि पहिला स्वस्तातलाच घ्या, कारण त्याला एखादा काप पडणार. एक टोक खिडकीच्या गजाला किंवा भक्कम हुकाला अडकवा, दुसरं हातात ताणून धरा. पट्टा झोळ खाता कामा नये; झोळ पडला की धार गोल होते.

वस्तरा आडवा ठेवा. पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेल्या हव्यात. आता पाठ पुढे आणि धार मागे अशा रीतीनं सरकवा. टोकाला पोचलात की वस्तरा पाठीवरूनच उलटा करा, पुस्तकाचं पान कण्यापाशी वळतं तसा. धारेवरून उलटा केलात तर पट्टा कापला जाईल आणि धारही बसेल. मग परत या, पुन्हा पाठ पुढे. कापडावर २०-२५ फेऱ्या, चामड्यावर ४०-५०. दाब वस्तऱ्याच्या वजनाएवढाच. सुरुवातीला अगदी सावकाश करा. सिनेमातल्या न्हाव्याचा फटाफट आवाज दिसायला झोकदार असतो, त्यानं धार सुधारत नाही. पात्याची लांबी पट्ट्याच्या रुंदीपेक्षा जास्त असेल तर किंचित तिरकं ओढा, म्हणजे टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत सगळी धार फिरेल.

प्रत्यक्ष दाढी

आंघोळीनंतर करा. नाहीतर कोमट पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं गालावर धरा. पाणी प्यालेला केस मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. इथे केलेली कंजुषी पुढे रक्तानं भरून निघते. फेस ब्रशनं काढा. डब्यातला फवाऱ्याचा फेस वर फुगतो, पण केसांच्या मुळाशी पोचत नाही. ब्रशचा फेस दह्यासारखा दाट आणि चमकदार हवा. बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, कोरडा चिकट झाला तर कमी.

धरायची रीत अशी: वस्तरा सरळ रेषेच्याही पुढे उघडा, म्हणजे मूठ पाठीच्या बाजूला वळेल. पातं आणि मूठ यांच्यामधल्या दांड्याच्या वरच्या बाजूला तीन बोटं, खालून अंगठा, आणि करंगळी मागच्या वळलेल्या शेपटीवर. मूठ बोटांच्या वर उभी राहील. आवळून धरू नका.

पहिल्या दिवशी फक्त दोन्ही गाल करा, बाकीची दाढी रेझरनं पूर्ण करा. हे कोणाला पटत नाही, पण ऐकावं. डाव्या हाताची दोन बोटं कानाजवळ ठेवून कातडी वर ताणा. पात्याची पाठ गालापासून तिच्या एक-दोन जाडीएवढी उचला. कोन साधारण ३० अंशांचा होतो. त्याहून सपाट धरलं तर केस ओढला जाऊन आग होते, त्याहून उभं धरलं तर कातडी कापली जाते. कल्ल्याच्या खालून सुरुवात करा आणि इंच-दीड इंचाचे छोटे हात मारत, केसांच्या रोखानं खाली या. वस्तरा कधीही धारेच्या लांबीच्या दिशेनं, सुरी फिरवतात तसा आडवा सरकवू नका; जवळजवळ सगळ्या खोल जखमा याच हालचालीनं होतात. कान उघडे ठेवा. कोन बरोबर असला की बारीक कुरकुर ऐकू येते.

दुसरा गाल करताना हात बदलायचा की त्याच हातानं तोंडावरून पलीकडे जायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. डाव्या हाताला शिकवलं तर आरसा झाकला जात नाही, म्हणून मी तिकडे झुकतो.

गाल सवयीचे झाले की जबड्याची कड, मग गळा. गळ्यावर केसांचा रोख अनेकदा आडवा किंवा खालून वर असतो; बोटांनी चाचपून ठरवा, अंदाजानं नाही. मान मागे टाका, कातडी खाली ताणा, कंठमण्यावरची कातडी बाजूला ओढून मग त्यावरून पातं न्या. हनुवटी आणि मिशीची जागा सगळ्यात शेवटी शिका. मिशीसाठी वरचा ओठ दातांवर ताणून धरायचा आणि हात अगदी छोटे. हनुवटीचे केस राठ, जागा वळणाची, त्यामुळे इथे महिनाभर रेझर वापरला तरी काही बिघडत नाही.

पहिला हात झाल्यावर पुन्हा फेस लावून आडवा हात मारता येतो. उलटा हात, म्हणजे रोखाच्या विरुद्ध, सुरुवातीचे काही महिने विसरा. पातं धुताना नळाला किंवा बेसिनच्या काठाला लागू देऊ नका. एका टिचकीत धार तुटते आणि दगडाशिवाय दुरुस्त होत नाही.

शेवटी थंड पाणी, आणि ओली तुरटी सगळीकडे फिरवा. चरचरली तिथे कोन चुकला होता. बारीक काप तुरटी दाबून धरली की थांबतो. खोल काप असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, आणि रक्त थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

नंतरची निगा

कार्बन पोलाद गंजतं, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ते एका रात्रीत गंजतं. पातं आणि मुठीतला सांधा पूर्ण कोरडा करा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटानं पसरा. खोबरेल तेल नको, ते साठून चिकट होतं. वस्तरा बाथरूममध्ये ठेवूच नका. आणि तो एकाच माणसाचा असावा, भावाभावांतही वाटून घ्यायचा नाही.

पट्ट्यावर फिरवूनही पातं केस ओढायला लागलं की दगडाची वेळ आली. साधारण काही महिन्यांनी ती येते. पूर्वी हे काम नाभिकाच्या धोकटीतल्या दगडावर होई. आता सलूनमध्ये दगड माहीत असलेला जुना कारागीर सापडला तर नशीब समजा. स्वतः करायचं असेल तर ८,००० ते १२,००० ग्रिटचा सपाट दगड पुरतो (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायच्या, आणि इथे पट्ट्याच्या उलट धार पुढे ठेवून सरकवायचं. टवका उडालेल्या धारेसाठी १,००० ग्रिटपासून सुरुवात करावी लागते, ते आधी एखाद्या टाकाऊ वस्तऱ्यावर शिका.

सेफ्टी रेझरवर थांबलात तर वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका. आपल्याकडे कचरा अजून हातांनी वेगळा करतात. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात टाकत जा. भरला की चिकटपट्टीनं बंद करून, वर ‘ब्लेडं’ असं मोठ्या अक्षरांत लिहून द्या. विमानप्रवासात वस्तरा आणि सुटी ब्लेडं दोन्ही चेक-इन सामानात टाका; हातातल्या पिशवीत कार्ट्रिजचा रेझर तेवढा न्या.