डिसअसेंब्लीत नुसता कचरा येत होता, तो असा सुटला

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या मशीनचा कंट्रोलर बोर्ड आला. सोर्स कोड कुणाकडेच नाही. चिपमधली बायनरी (मशीन कोडची फाइल) उतरवून ऑब्जडम्पला दिली. हा प्रोग्राम मशीन कोडचं वाचता येणाऱ्या सूचनांत रूपांतर करतो, म्हणजेच डिसअसेंब्ली. पण एकही ओळ अर्थाची लागेना. दोन रात्री त्यातच गेल्या.

मग पहिले ८ बाइट नीट वाचले. पहिले चार स्टॅक पॉइंटरचे (तात्पुरत्या डेटाची मेमरी कुठे, ते सांगणारे), पुढचे चार रीसेटचा पत्ता, म्हणजे चिप सुरू होताना कोड जिथून चालू होतो तो: हेक्समध्ये ०८०००१४५. पत्ता विषम! शेवटचा बिट १, म्हणजे थम्ब कोड, एआरएम प्रोसेसरच्या आटोपशीर सूचनांचा संच. बोर्डवरचा कॉर्टेक्स-एम हा एआरएमचा प्रोसेसर फक्त थम्बच चालवतो, आणि मी ३२ बिटी एआरएम सूचना समजून उलगडत बसलो होतो.

ऑब्जडम्पला फोर्स-थम्ब (सगळं थम्ब समजून वाच) हा पर्याय दिला, कोडचा सुरुवातीचा पत्ता ०८०००००० केला. '७० ४७' या बाइटांच्या जागी लगेच 'बीएक्स एलआर' दिसलं, म्हणजे फंक्शनमधून परत. इतका आनंद झाला! सुरुवातीचं व्हेक्टर टेबल (रीसेटसारख्या पत्त्यांची यादी) मात्र डेटा असतं, ते वगळून वाचा.