रंग निवडताना जुलै आठवा

निळा शांत करतो, पिवळा आनंद देतो, लाल डोकं तापवतो. हॉलला हा, बेडरूमला तो. असली कोष्टकं वाचून घर रंगवायला निघाला असाल तर जरा थांबा. स्वतःचं घर दोनदा, जावेचं एकदा, नणंदेचा फ्लॅट एकदा, एवढी रंगकामं मी उभं राहून करून घेतलीत. रंगाचा मनावर परिणाम होतो, नाही असं नाही. पण निळा की पिवळा याइतकंच तो किती गडद आणि किती भडक आहे यालाही महत्त्व असतं, आणि ते ठरतं खोलीतल्या उजेडावर. अमेरिकेत १९७९ साली सिॲटलमधल्या नौदलाच्या तुरुंगात एक खोली ठरावीक गुलाबी रंगाने रंगवली. कैदी निवळतात म्हणून त्याचा केवढा गाजावाजा झाला! पुढच्या काटेकोर चाचण्यांत ते काही टिकलं नाही.

आधीची कामं तुम्हाला माहीत आहेतच: ओल काढा, लांबी म्हणजे पुट्टी भरा, घासा, प्रायमर मारा. पावसाळ्यात भिंतीला हात लावू नका आणि दिवाळीच्या तोंडावर पेंटर मिळेल या भरवशावर राहू नका.

खरी गोची शेड निवडताना होते. माझी झाली ती कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या मधल्या खोलीत. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, उजेड फक्त परड्याकडच्या एका खिडकीतून. मी दुकानातल्या ट्यूबखाली कार्डावरचा बोटाच्या पेराएवढा चौकोन बघून करडा-निळा पसंत केला. लावताना जरा फिका वाटला. पेंटर म्हणाला, "वाळला की खुलतोय बघा, वहिनी." वाळल्यावर तो आणखी गडद झाला. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं! मार्च-एप्रिल निभावले. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसेना आणि त्या खोलीला सुतकी कळा आली. सासऱ्यांनी मुकाट्याने आपली खुर्ची सोप्यात नेली. महिन्याभराने विचारलं तर म्हणाले, "तिथं दुपारीच दिवेलागण झाल्यागत वाटतंय."

चूक रंगाच्या नावात नव्हती. चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून कार्डावरचा रंग खोलीत गेला की जास्त गडद आणि जास्त भडक दिसतो. त्यात ढगाळ दिवसाचा उजेड निळसर आणि खाली शहाबादी फरशी. करड्यावर करडं!

तेव्हापासून मी असं करते. पसंत पडलेल्या दोन-तीन शेडचे मिळतील तेवढे लहान डबे आणायचे. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदाला काठापर्यंत दोन हात द्यायचे. भिंतीवर थेट पट्टे मारू नका, बाजूच्या जुन्या रंगामुळे डोळा फसतो. कागद पूर्ण वाळला की मधोमध दुमडून खोलीच्या कोपऱ्यात चिकटवा, म्हणजे दोन्ही अर्ध्या भागांचा रंग एकमेकांवर पडेल. घडीजवळ जो रंग दिसतो, तो पुढे सगळ्या खोलीत दिसणार. तो झेपत नसेल तर त्याच पट्टीतली एक पायरी फिकी शेड घ्या.

तीन दिवस कागद तसाच ठेवा. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला आणि रात्री दिवा लावून बघा. पश्चिमेच्या खोलीत तिन्हीसांज चुकवू नका. अंबाबाईचा किरणोत्सव बघितलेल्याला हे सांगायला नको, मावळतीची किरणं आडवी होऊन किती आत शिरतात! तिथे पीच किंवा आंब्याचा पिवळा लावलात तर संध्याकाळी भट्टीत बसल्यासारखं होईल. उत्तरेच्या खोलीत ऊन येतच नाही, हा सल्ला थंड देशांतला आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. पावसाने उघडीप दिली तर ऊन खिडकीत येतं.

दिव्याचं खोकंही वाचा. त्यावर उजेडाची छटा केल्विनमध्ये (K) लिहिलेली असते: ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, ३००० के म्हणजे पिवळसर. जावेच्या पिवळ्या हॉलमध्ये पांढऱ्या ट्यूबखाली भिंती हिरवट दिसायच्या आणि पाहुणे काविळीचे. ती नवा रंग द्यायला निघाली होती. मी दिवे बदलायला लावले, काम तेवढ्यावर भागलं.

अंधाऱ्या खोलीला पांढराशुभ्र द्या म्हणतात, तेही ऐकू नका. कमी उजेडात पांढरा मळका दिसतो. किंचित पिवळसर किंवा गुलाबी झाक असलेला ऑफ-व्हाइट घ्या. गडद हवाच असेल तर एकच भिंत, तीही खिडकीसमोरची. ज्या भिंतीत खिडकी असते ती आधीच काळवंडलेली दिसते.

पुढचं सोपं आहे: दोन हात, मधे नीट वाळू द्यायचं. शेडचा नंबर मात्र कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, डब्यावरचं लेबल टिकत नाही. आमच्या दारावर चार नंबर आहेत, त्यातला पहिला सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने खोडलाय.