भरीव वर्तुळ काढताना नवशिके कुठे अडतात

प्रोग्राम लिहून संगणकाच्या पडद्यावर भरीव (आतून रंगवलेलं) वर्तुळ काढायचं म्हटलं की बहुतेकांना आधी साइन-कोसाइन आठवतं. अंश-अंशाने फिरायचं, बिंदू ठेवायचे, मग त्रिज्या 1 ते 100 करत एकात एक वर्तुळं काढत सुटायचं. पडद्यावर मात्र चाळणी दिसते. 100 पिक्सेल त्रिज्येचा परीघ सुमारे 628 पिक्सेल, बिंदू फक्त 360, फटी राहणारच. कोन बारीक करून फटी बुजवल्या तरी एकेका पिक्सेलवर अनेकदा रंग पडतो, वेळ वाया जातो.

त्यापेक्षा आडव्या ओळींनी भरा. केंद्रापासून य हे उभं अंतर उणे त्रिज्येपासून अधिक त्रिज्येपर्यंत न्या. प्रत्येक ओळीत 'क्ष वर्ग अधिक य वर्ग' त्रिज्येच्या वर्गात बसेल असा सर्वांत मोठा पूर्णांक क्ष (आडवं अंतर) शोधा आणि केंद्राच्या डावीकडे क्ष, उजवीकडे क्ष अशी सलग रेघ मारा. भोक पडायला जागाच नाही.

आता त्रिज्या 5 घेऊन हे वहीवर करून बघाच. सर्वांत वरच्या ओळीत एकच पिक्सेल येतो, त्याखाली एकदम 7. चारही बाजूंना टोचणारं टोक दिसतं. कारण पिक्सेल हा बिंदू नाही, चौकोन आहे. खरी कड अर्धा पिक्सेल बाहेर असते. म्हणून त्रिज्या 5.5 धरायची, तिचा वर्ग 30.25; तुलना 25 शी न करता त्यातल्या पूर्णांकाशी, म्हणजे त्रिज्येचा वर्ग अधिक त्रिज्या = 30 शी करा. ओळी येतात 5, 7, 9, मग पाच वेळा 11, पुन्हा 9, 7, 5. एवढ्याशा बदलाने लहान वर्तुळ गोल दिसू लागतं. व्यास इथे 11 झाला. सम व्यास हवा तर केंद्र दोन पिक्सेलांच्या मध्ये धरावं लागतं.

मध्यबिंदू पद्धतीने (शेजारच्या दोन पिक्सेलांच्या मधला बिंदू वर्तुळाच्या आत की बाहेर हे बघून पुढचा पिक्सेल निवडायची रीत) कड काढता काढताच आडव्या रेघा भरल्या, तर वरच्या-खालच्या काही ओळी पुन्हा पुन्हा रंगतात. गडद रंगात ते कळत नाही, अर्धपारदर्शक रंगात पट्टे उमटतात. य बदलेल तेव्हाच ती ओळ भरा. सोळा बिटांच्या चिन्हांकित (अधिक-उणे दोन्ही धरणाऱ्या, कमाल 32767 च्या) पूर्णांकात त्रिज्या 182 झाली की तिचा वर्गच मावत नाही, हेही ध्यानात असू द्या.

ग्राफिक्स कार्डवर वर्तुळ म्हणजे केंद्राभोवतीचे त्रिकोण. किती घ्यायचे हे अंदाजाने ठरवू नका. परिघाच्या आत राहणारी तूट = त्रिज्या × (1 − कोसाइन(180 अंश ÷ त्रिकोणसंख्या)). त्रिज्या 100 असताना 16 त्रिकोणांत तूट जवळजवळ 2 पिक्सेल, कोपरे स्पष्ट दिसतात. 32 घेतले की अर्ध्या पिक्सेलच्या आत. शेवटचा बिंदू नव्याने मोजू नका, पहिलाच वापरा, नाहीतर केसाएवढी फट राहू शकते.

बेझिए वक्रांनी (दोन टोकं आणि वक्राला आकार देणारे नियंत्रणबिंदू देऊन काढायच्या वक्रांनी) काढत असाल तर चार घन वक्र, म्हणजे दोन-दोन नियंत्रणबिंदूंचे, पुरतात. नियंत्रणबिंदू टोकापासून स्पर्शरेषेवर त्रिज्येच्या 0.5523 पट अंतरावर ठेवा; चूक त्रिज्येच्या सुमारे 0.03 टक्के, म्हणजे 100 पिक्सेल त्रिज्येला 0.03 पिक्सेल. तिथे आठ वक्र घेण्याची गरज नाही.