आपल्या गावात कोण कोण राहतं, हे आकड्यात कसं बघायचं

चहाच्या टपरीवर जो तो छातीठोक सांगतो आमच्या समाजाची एवढी मतं, त्यावर जाऊ नका. सेन्सस इंडियाच्या साइटवर 2011 च्या जनगणनेच्या एक्सेल फाइल फुकट मिळतात. आधी जिल्हा निवडा, पण जुनं नाव शोधा बरं का, धाराशिव टाकलं तर काहीच येणार नाही, तिथं उस्मानाबादच आहे.

धर्मासाठी सी-1 टेबल, त्यात आपलं नगरपालिकेचं गाव वेगळं दिसतं. एससी, एसटीचा आकडा प्रायमरी सेन्सस ॲबस्ट्रॅक्टमधे, तो अगदी वॉर्डापर्यंत मिळतो.

आता खरी गडबड इथं होते. बौद्ध आणि एससी हे दोन आकडे एकात एक मिळवू नका, 1990 पासून बौद्ध झालेले लोक पण एससीत मोजले जातात, म्हणजे तीच माणसं दोनदा येतात. तसंच तांड्यांचं, आपल्याकडं बंजारा समाज विमुक्त जातीत आहे म्हणून एसटीच्या रकान्यात दिसत नाही, देगलूरच्या पलीकडं तेलंगणात मात्र तोच समाज एसटीत. आणि मातृभाषेच्या टेबलात लमाणी, बंजारी हिंदीखाली टाकलीय, हे मला अजिबात पटत नाही, पण मोठा हिंदी आकडा दिसला की उत्तरेकडून आलेले लोक समजू नका.

मराठा, धनगर, वंजारी असा जातवार आकडा यात नाहीच. सगळ्या जातींचे आकडे शेवटचे 1931 च्या जनगणनेचे, आणि आपल्या मराठवाड्याचे तर निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या खंडात.