घरातल्या चित्राचा छापण्याजोगा फोटो: पडवी सोडा, माजघरात या

चित्राचा फोटो काढायचा म्हटलं की कोकणात चित्र उचलून पडवीत नेतात. उजेड भरपूर, जागा मोकळी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला तो फोटो चालतोही. पण त्यावरूनच ए३ आकाराची प्रत छापून आणली की कागदाचा पांढरा खालच्या बाजूला तांबूस दिसतो, आभाळाच्या निळ्यात हिरवट झाक येते आणि खापर छापणाऱ्यावर फुटतं. त्या बिचाऱ्याने काही केलेलं नसतं. समोरचं तांबड्या मातीचं अंगण, जांभ्याचा गडगा, पलीकडची पोफळीची बाग या सगळ्यांवर आपटून आलेला उजेड चित्रावर पडलेला असतो. आपला डोळा ती झाक नकळत वजा करतो. कॅमेरा करत नाही.

खात्री करायची असेल तर पडवीच्या भिंतीला कोरा पांढरा कागद लावून त्याचा फोटो काढा आणि वरची व खालची कड शेजारी शेजारी ठेवून बघा.

चित्रकार उत्तरेच्या उजेडाचा आग्रह धरतात, आणि युरोपात तो बरोबरच आहे. आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला सरकतो. रत्नागिरीत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या पडवीत तिरपं ऊन शिरतं. पावसाळ्यातलं मळभ छान मऊ उजेड देतं खरं, पण ढग हलला की उजेड बदलतो. दहा चित्रांचा संच असेल तर पहिलं आणि दहावं एका हाताचं वाटत नाही.

म्हणून माझं सरळ मत असं की, कोकणी घरात या कामाला माजघरासारखी जागा नाही. खिडकी नसल्यातच जमा, दार लावलं की अंधार. आपण आणू तेवढाच उजेड. फ्लॅटमध्ये राहत असाल तर रात्रीची कुठलीही खोली घ्या, पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा.

आधी आकार ठरवा

प्रत केवढी हवी हे ठरल्याशिवाय कॅमेऱ्याची चर्चा व्यर्थ आहे. हातात धरून जवळून बघायच्या प्रतीला इंचाला ३०० पिक्सेल हे चांगलं माप. त्या हिशेबाने ए४ साठी २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, ए३ साठी ३५०८ × ४९६१. साधा १२ मेगापिक्सेलचा मोबाइल ४००० × ३००० देतो, म्हणजे चित्र चौकटभर घेतलं तर ए४ निभावतं. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ए३ ला पुरतो. ए२ भिंतीवर लावायचा आणि चार पावलांवरून बघायचा असतो, तिथे इंचाला २०० पिक्सेल असले तरी चालतं.

चित्र ए४ पेक्षा लहान, सपाट आणि कोरड्या रंगाचं असेल तर चांगल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि पुढचे प्रकाशाचे सगळे उपद्व्याप सोडून द्या. पेस्टल, कोळसा किंवा जाड थराचं तैलचित्र मात्र काचेवर उपडं घालू नका.

चित्राची तयारी

चौकटीतून चित्र बाहेर काढा. मात्र दमट हवेत कागद काचेला चिकटून बसला असेल तर ओढू नका, रंगाचा थर काचेवर राहील. ते काचेसकटच घ्यायचं, कसं ते पुढे येईलच.

पावसाळ्यात जलरंगाचा कागद फुगतो आणि त्याला लाटा येतात. बाजूने येणाऱ्या उजेडात प्रत्येक लाटेची सावली पडते. दोन कोऱ्या कागदांत चित्र ठेवून वर प्लायवूड, त्यावर वजन, असं दोन-तीन दिवस राहू द्या. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. पेस्टलला तेवढंही नको. पिंगुळीच्या चित्रकथीसारखी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेतली) जुनी चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात. ती सोडवायच्या भानगडीत पडू नये. पाटावर सपाट ठेवून वरून फोटो घ्यावा.

दिवे

सारा पैसा इथे घालवा. एकसारखे दोन एलईडी दिवे, एकाच कंपनीचे, एकाच रंगछटेचे, शक्यतो ५००० ते ५५०० केल्व्हिनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे पांढरे. खोक्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा अधिक लिहिलेलं असावं. हा आकडा कमी असला की दिवा तेवढाच लख्ख दिसतो, पण लाल आणि शेंदरी रंग फोटोत मरगळतात, आणि आपल्याकडच्या चित्रांत शेंदरी किती असतो हे सांगायला नको.

चित्र भिंतीला सरळ लावा, कॅमेरा बरोबर समोर, आणि दोन्ही बाजूंना चित्राशी ४५ अंशांचा कोन करून एकेक दिवा. दिवे जवळ आणायचा मोह टाळा. अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश होतो, म्हणून जवळच्या दिव्यात चित्राची एक कड भाजून निघते आणि दुसरी अंधारात राहते. अर्ध्या मीटरच्या चित्राला दिवे दीड मीटरवर तरी हवेत. उजेड कमी पडला तर पडू द्या, कॅमेरा ट्रायपॉडवर असणार आहे.

आता चित्राच्या मधोमध, कागदाला न टेकवता, एक पेन्सिल काटकोनात धरा. तिच्या दोन्ही बाजूंना पडणाऱ्या सावल्या सारख्याच गडद आणि सारख्याच लांब हव्यात. नसतील तर दिवा सरकवा. मग चित्राच्या जागी पांढरा कागद लावून फोटो घ्या आणि चार कोपरे नि मध्य तपासा. ही दहा मिनिटं कंटाळवाणी असतात, पण इथे राहिलेला फरक संगणकावर नीट निघत नाही.

भिंत निळी किंवा गुलाबी असेल तर चित्रामागे काळं किंवा करडं कापड टांगा. तुम्ही स्वतःही गडद कपडे घाला. भगवा टी-शर्ट घालून समोर उभं राहणं म्हणजे अंगण घरात आणणं.

कॅमेरा

कॅमेऱ्याला ५० मिमी किंवा त्याहून लांब लेन्स लावा. रुंद लेन्समध्ये चित्राच्या कडा फुगतात. मोबाइलवर खरी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा, नुसता डिजिटल झूम नको. सौंदर्य वाढवणारे सगळे मोड, एचडीआर आणि फ्लॅश बंद.

लेन्स चित्राला समांतर आहे का, हे ओळखायला एक जुनी आणि अचूक युक्ती आहे. चित्र लावण्याआधी त्याच जागी भिंतीला छोटा सपाट आरसा टेकवा. कॅमेऱ्यातून बघताना लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसलं पाहिजे. ते वर दिसलं, खाली दिसलं किंवा बाजूला गेलं तर कॅमेरा तिरपा आहे.

सेटिंग थोडक्यात: रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. शटर १/२५ किंवा त्याहून सावकाश ठेवा. संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होत असेल तर रात्री उशिराची वेळ बरी. पंखा बंद करायला विसरू नका, कागद हलतो.

पहिला फोटो ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) चित्राशेजारी ठेवून घ्यायचा. पुढे रंग जुळवताना तोच आधार. एसी खोलीतून कॅमेरा दमट हवेत आणलात तर अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर धुकं धरेल. एरवीही समुद्राकाठी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवलेली बरी, बुरशी एकदा धरली की काचेचा लेपच खाते.

चकाकणारी चित्रं

तैलरंग, वार्निश, काच, आणि सावंतवाडीच्या गंजिफ्यांवरची (हाताने रंगवलेल्या पत्त्यांवरची) लाख, या सगळ्यांची खोड एकच: दिवे नीट लावले तरी कॅमेऱ्याच्या मागची खोली त्यांत दिसते. कॅमेऱ्यापुढे काळं कापड टांगा आणि त्याला भोक पाडून त्यातून फक्त लेन्स बाहेर काढा. काचेला चिकटलेलं चित्र असंच घ्यायचं. तरी चमक उरली तर दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर (चमक अडवणारी गाळणी) लावून तो फिरवत राहा, एका क्षणी चमक पार नाहीशी होते.

पण सोन्याचा वर्ख असेल तिथे हे करू नका. चमक काढली की सोनं काळपट तपकिरी दिसतं, देवाचा मुकुट शेणाने सारवल्यासारखा. अशा वेळी लेन्सजवळ एक पांढरा कार्डबोर्ड धरा आणि सोनं जागं होईल तेवढंच त्याचं प्रतिबिंब वर्खात पडू द्या. हवं तर दोन फोटो घ्या, एक बिनचमकेचा नि एक सोन्यासाठी, आणि नंतर जोडा.

फाइल आणि छपाई

संगणकावर आधी ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगझाक काढणं), मग कडा सरळ करणं, मग उजेड. रंग ‘खुलवण्याची’ कळ दाबू नका. मूळ चित्र शेजारी ठेवून काम करा. मूळ फाइल १६ बिट टिफमध्ये (रंगाचा तपशील न गमावणाऱ्या प्रकारात) जपून ठेवा आणि तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवरही असू द्या.

छापणाऱ्याला काय हवं ते आधी विचारा. फोटो लॅबला बहुधा एसआरजीबीतली (पडद्यावरच्या नेहमीच्या रंगपद्धतीतली) जेपेग लागते, ऑफसेटवाल्याला सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत). कोल्हापूर-मुंबईकडे पिग्मेंट शाईवर कलाप्रती काढणारे त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) देतात. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून कधीच पाठवू नये, ती आकसते; डॉक्युमेंट म्हणून, ड्राइव्हवरून किंवा पेनड्राइव्हवर द्या. चित्र दुसऱ्याचं असेल तर लेखी परवानगी घ्या. चित्र विकत घेतल्याने छापण्याचा हक्क मिळत नाही, आणि आपल्या कायद्यात तो चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो.

पूर्ण प्रत काढण्याआधी चित्रातले दोन-तीन अवघड तुकडे, चेहरा, सावली, शेंदरी, मूळ मापात एका ए४ वर छापून घ्या. हा नमुना आता खुशाल पडवीत न्या, पण अंगणाकडे पाठ करून बघा. गडद वाटला तर फाइल थोडी उजळ करून पुन्हा एक नमुना काढा. आणि चौकट करताना प्रत नि काच यांच्यात माउंटबोर्डची (जाड पुठ्ठ्याची) फट सोडायला सांगा, म्हणजे पावसाळ्यात ती काचेला चिकटणार नाही.