एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थ कायद्याच्या केसमध्ये निर्दोष सुटलात आणि सरकारने अपील केलंय? आधी मुद्देमालाचा प्रवास तपासा

हायकोर्टाची नोटीस आली म्हणजे परत आत जावं लागणार असं नाही, पण नोटीस टाळू पण नका, सुटताना दिलेला बॉण्ड वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठीच असतो. सरकारला अपिलासाठी हायकोर्टाची परवानगी लागते आणि मुदत 90 दिवसांची, सरकारला उशीर झाला असेल तर तो उशीर माफ करण्याच्या अर्जाला विरोध करता येतो.

सुप्रीम कोर्टाने 2007 च्या चंद्रप्पा केसमध्ये सांगितलंय की हायकोर्ट सगळा पुरावा नव्याने तपासू शकतं, पण दोन मतं शक्य असतील तर सुटकेत हात घालायचा नाही. म्हणजे खालच्या कोर्टाचं मत पुराव्यावरून निघू शकत होतं, एवढंच तुम्हाला दाखवायचंय.

आता खरं काम. एक कोरा कागद घ्या आणि माल जप्तीपासून लॅबपर्यंत कुणाकुणाच्या हातून गेला ते लिहा, पंचनामा, मुद्देमाल रजिस्टर, कलम 52ए ची मॅजिस्ट्रेटसमोरची कारवाई (जप्त मालाची यादी आणि नमुने प्रमाणित करून घेणं), लॅबला पाठवल्याचं पत्र, सीए रिपोर्ट (लॅबच्या केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल), प्रत्येकापुढे तारीख, वेळ, वजन आणि सीलचं वर्णन. पंचनाम्यातलं सील आणि सीए रिपोर्टमधलं सील शब्दाशब्दाने जुळतंय का बघा. माल काही दिवस कुणाच्या ताब्यात होता याची नोंदच नसेल तर तिथे लाल पेनने खूण करा. वजन गोणीसकट केलंय का हे तर नक्की बघा, कारण गांज्याची कमर्शियल क्वांटिटी (जिच्या वर सर्वात कडक शिक्षा लागते ती मर्यादा) 20 किलो आहे, पंचनाम्यात गोणीसकट 20 किलो 300 ग्रॅम असेल आणि गोणीच अर्ध्या किलोची असेल तर सगळा हिशोबच बदलतो.

फक्त 52ए पाळलं नाही एवढ्यावरच सुटका झाली असेल तर मात्र सावध राहा, तेवढ्याने केस पडत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये भारत आंबळे केसमध्ये म्हटलंय. कलम 50 (मॅजिस्ट्रेट किंवा गॅझेटेड अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क) चंही तसंच, ते अंगझडतीला लागतं, हातातल्या बॅगेला नाही. म्हणून सील, वजन, ताबा, फितूर पंच असे मुद्दे एकत्र मांडायला वकिलांना सांगा. वकील परवडत नसेल तर हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा, आणि तो कागद एक्झिबिट नंबरांसकट (कोर्टाने पुराव्यातल्या कागदांना दिलेले नंबर) सोबत न्या.